अटॅच्ड केबिन

मालोजी शिंगाडेला पद मिळालं होतं, पण केबिन मिळाली नव्हती. कार्डावर झोकात छापलेलं 'हेड ऑफ ऑपरेशन्स', आणि बसायला पॅकिंगच्या खोक्यांशेजारचं तेच जुनं टेबल. येणारा-जाणारा त्यावर बिनधास्त वडापाव ठेवायचा आणि तेलाचा डाग सोडून जायचा.

चिखलीतल्या या गाळ्यात आयुषनं कंपनी काढली तेव्हा सगळी मिळून सहा डोकी होती. फोर्कलिफ्टची बॅटरी मान टाकायला लागली की मालकाच्या मोबाइलवर बोंब मारणारी एक डबी ते बनवायचे. चाकणच्या कारखान्यांना डबी आवडली. सहाची चाळीस डोकी झाली, आणि आता महाळुंग्याला मोठा प्लँट व्हायचा होता. त्याचा हेड कोण? मालोजीच्या मते हा प्रश्नच नव्हता. पण आयुषच्या मनात गुडगावचा एक एमबीए घोळत होता, आणि तो एमबीए मालोजीच्या छातीवर भरल्या फोर्कलिफ्टसारखा उभा होता.

"लीडर हा लीडर दिसला पाहिजे," जेवताना मालोजी बायकोला म्हणाला. "उघड्यावर बसणाऱ्याला कोण प्लँट देतंय?"

"मग आडोसा करून घ्या," रुपाली म्हणाली आणि भाकरी वाढली.

आयुषच्या मागं लागून लागून त्यानं केबिन मंजूर करून घेतली. गाळ्याला दोन संडास होते, एक आतल्या कोपऱ्यात आणि एक मागच्या बोळात. मालोजीनं आतला कोपराच निवडला. रविवारी पार्टिशन मारताना सुतार थांबला.

"साहेब, हे संडासचं दार तुमच्या केबिनीत येतंय."

"येऊ दे. त्याला अटॅच्ड म्हणतात. बाकीच्यांना बोळातला आहे की."

सोमवारी मालोजी एसी लावून, पाय लांबवून बसला. पाच मिनिटांत काचेवर टकटक झाली. असेंब्लीचा सुपरवायझर धम्मरत्न दारात उभा होता. पहिल्या सहातला गडी, शुक्रवारपर्यंत त्याला 'माल्या' म्हणणारा.

"सर, मे आय कम इन?"

मालोजीला भरून आलं. केबिनची जादू ती हीच. "या, बसा."

"बसतो, पण इथं नाही," असं म्हणून धम्मरत्ननं खुर्चीला वळसा घातला आणि मागचं दार उघडून आत गेला. कडी लागली. बाहेर आल्यावर त्यानं तोंडभर हसून खुलासा केला, "बोळातल्याला कुलूप लागलंय भावा. मालकानं लावलं."

मालोजीनं तडक गाळ्याचे मालक अण्णासाहेब यांना फोन लावला.

"व्हय, मीच लावलं," अण्णासाहेब म्हणाले. "सा माणसांचं ठरलं व्हतं आपलं. आता तितं जत्रा भरलीया. टाकी दुपारीच कोरडी. आमी घरच्यांनी काय करायचं?"

"पण अण्णासाहेब, चाळीस माणसं..."

"एक हाय न्हवं तुमाला आत?"

"तो केबिनमध्ये गेलाय हो!"

"मग केबिन भाईर काढा," आणि फोन बंद.

केबिन बाहेर काढणं शक्य नव्हतं. शुक्रवारी गुंतवणूकदार मिनल मॅडम येणार होत्या, आणि प्लँटचा हेड त्याच दिवशी ठरणार होता. एचआरच्या दिव्यानं तर ग्रुपवर टाकूनही दिलं: 'मालोजी सरांची ओपन डोअर पॉलिसी! कधीही या.' त्याखाली अंगठ्यांची रांग, आणि शेवटी धम्मरत्नचा मेसेज: 'घाई असली की येतोच.'

मग सुरू झाली वर्दळ. चाकणच्या एका साहेबाशी फोनवर बोलताना मागं धो-धो पाणी सुटलं.

"मालोजीराव, तिकडं पाऊस का?"

बाहेर मे महिन्याचं ऊन रणरणत होतं. "वळीव हो साहेब. आला नि गेला."

पाहुण्यांसाठी ठेवलेल्या दोन खुर्च्यांवर आता नंबर लावून माणसं बसायची. आणि थांबलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. एकजण म्हणाला, सोल्डरिंगचा माल हलका यायला लागलाय. दुसरा म्हणाला, टेस्टिंगची दोन पोरं दुसरीकडं मुलाखत देऊन आलीत. तिसऱ्याला शिफ्ट बदलून हवी होती. ऐकल्याशिवाय ते थांबत नव्हते म्हणून मालोजी ऐकायचा, आणि तेच पुन्हा ऐकायला लागू नये म्हणून काम करून टाकायचा. आपली लीडरशिप त्या दारापायी वाहून चाललीय, एवढंच त्याला दिसत होतं.

गुरुवारी त्यानं सगळ्यांना गोळा करून दम भरला. "उद्या मॅडम केबिनमध्ये असताना जीव गेला तरी कुणी आत यायचं नाही."

"जीव रोखता येईल सर," धम्मरत्न म्हणाला. "बाकीचं सांगता येत नाही."

तरीही निभावलं असतं. पण आयुषला उत्साह फार. मॅडम येणार म्हणून शुक्रवारी सकाळी त्यानं सगळ्यांना मिसळ खिलवली. झणझणीत, वर तर्री मागेल तितकी.

मॅडम आल्या त्या उशिरा आणि वैतागलेल्या. महाळुंग्याची जागा बघून निघाल्या, ते चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्या होत्या. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या. मालोजीनं लॅपटॉप उघडला. काचेबाहेर एकेक घामेजलेला चेहरा जमायला लागला. मालोजीनं पडदा ओढला. टकटक झाली. त्यानं आवाज चढवला. "तर मॅडम, आपली वाढ बघा..."

दार ढकलून दिव्या आत आली. "सॉरी सर, पॉलिसी-बिलिसी सोडा," एवढं बोलून ती मागच्या दारात गडप झाली. थोड्या वेळानं वळीव कोसळला.

मॅडमनी मालोजीकडं रोखून बघितलं. "ते टॉयलेट आहे?"

मालोजीला गुडगावचा माणूस महाळुंग्यात उतरताना दिसला. "हो मॅडम. चूक माझीच..."

"ट्रॅफिकमध्ये अडकल्यापासून मी शोधतेय, आणि तुम्ही मला चार्ट दाखवत बसलात!"

त्या ताडकन उठल्या. पण दिव्या बाहेर आली तोवर केबिनचं दार उघडं बघून रांग आत घुसली होती, आणि ती निघताच पॅकिंगचा गणराज आत शिरून कडी लावून मोकळा झाला होता.

"गणराजला वेळ लागेल मॅडम," धम्मरत्न अदबीनं म्हणाला. "त्यानं तर्री चार वेळा घेतली. त्याच्यानंतर तुम्ही, मग आम्ही."

मॅडम रांगेत उभ्या राहिल्या. आयुषनं मालोजीला दंडाला धरून बाहेर नेलं आणि मोबाइलमध्ये गुडगावचा नंबर शोधायला लागला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पडद्याच्या फटीतून मालोजीला दिसत होतं, धम्मरत्न हातवारे करून काहीतरी सांगतोय, मधूनच त्याच्या खुर्चीकडं बोट दाखवतोय, आणि मॅडम हसतायत. रांगेतले बाकीचेही तोंड घालत होते. संपलं, मालोजीला वाटलं.

बऱ्याच वेळानं मॅडम बाहेर आल्या. चेहरा शांत.

"आयुष, तुझे रिपोर्ट मी नेमानं वाचते," त्या म्हणाल्या. "हलका माल, सोडून चाललेली पोरं, यातलं त्यात एक अक्षर नसतं. मला आज ते रांगेत कळलं. आणि यांनी ते निस्तरलंय, हेही रांगेतच कळलं. गुडगावला नको म्हणून कळव."

महाळुंग्याचा प्लँट झाला तो बघण्यासारखा. खाली दोन्ही बाजूंना पांढऱ्याशुभ्र टाइल्सचे संडास ओळीनं. वरच्या मजल्यावर हेडची केबिन, गुबगुबीत खुर्ची, आणि अटॅच्ड एकट्याचं. रुपाली येऊन खुर्चीवर बसून बघून गेली.

सुरुवातीला मालोजी नुसता शांततेवर खूश होता. कुणी येत नव्हतं. खाली फोन लावला की धम्मरत्न सांगायचा, "सगळं ओके सर." मग एका गिऱ्हाइकाचा फोन आला की डब्या भरलेल्या बॅटरीलाही बोंब मारतायत. मग टेस्टिंगची दोन्ही पोरं सोडून गेली, आणि ते मालोजीला कळलं निरोपाचा केक वर आला तेव्हा.

केक तसाच ठेवून तो उठला, काचेपाशी गेला आणि त्यानं खालच्या संडासांची दारं एकेक करून मोजली. मग त्यानं फोन लावला.

"अण्णासाहेब, मालोजी बोलतोय. ते बोळातलं कुलूप अजून आहे का हो?"

"हाय की. का वो?"

"महाळुंग्याला पाठवून द्या. आणि घरात अजून जेवढी असतील, तेवढी सगळी."