यीस्टचे आजोबा

सुनेने प्लास्टिकची बरणी ओट्यावर ठेवली. “बाबा, झाकण सैलच राहू द्या हं. प्रयोगशाळेत आज वीज नाही, म्हणून घरी आणलंय.”

बरणीत करडं, दाटसर यीस्ट होतं. साखर कारखान्याच्या मळीवर वाढून अंगात भरपूर प्रथिनं साठवणारं हे वाण निवडण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. उद्या ते मोठ्या टाकीत सोडायचं होतं.

सासरे निवृत्त बसचालक. दार घट्ट लागल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा त्यांचा जन्माचा बाणा. सून बाहेर पडताच त्यांनी झाकण करकचून आवळलं.

दुपारी ‘फाड्’ असा आवाज झाला. झाकण छताला, फेस भिंतीला आणि उरलेला सासूबाईंच्या चष्म्याला.

“अहो, काय फोडलंत?”

“मी कुठे? तेच फुटलं!”

सून आली तेव्हा सासरे फडकं हातात घेऊन उभे होते. “पोरी, तुझ्या सगळ्या कष्टांवर पाणी फिरवलं गं मी.”

तिने बरणीत डोकावून पाहिलं. तळाला चमचाभर उरलं होतं.

“पुरे झालं एवढं. कोंडलं की ते वाढायचं सोडून नुसता वायू सोडत बसतं. हवा आणि गोड मिळू दे, मग बघा.”

तिने पातेलंभर मळीचं पाणी उकळून गार केलं आणि त्यात ते ढवळलं. हवेसाठी सासऱ्यांनी स्वतःच्या माशांच्या पेटीतला पंप उपसून आणला. “मासे काढतील थोडी कळ!”

सकाळी पातेलं काठोकाठ दाटलं होतं. रात्रभर पातेल्याशी बसून राहिलेले सासरे हरखले. “ना गोठा, ना चारा! चमचाभराचं पातेलंभर? आणि ही सगळी प्रथिनं? पोरी, तू काय चीज आहेस!” त्या दिवशी जिन्यात भेटेल त्याला त्यांनी थांबवून हे ऐकवलं.

टाकी उत्तम चालली. पुढे त्या प्रथिनाच्या वड्या तळून प्रयोगशाळेने चवीला लोक बोलावले. सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. सुनेचे साहेबही बोटं चाटत होते. सासऱ्यांची बशी मात्र तशीच.

“आजोबा, आवडलं नाही का?” साहेबांनी विचारलं.

“आवडायचा प्रश्नच नाही हो,” सासरे बशी हळूच दूर सारत म्हणाले. “रात्रभर उशाशी बसून वाढवलंय. घरचं लेकरू खाऊ कसं?”