उजव्या पायाचा बूट

आरशासमोर उभा राहून जाजांग घसा ताणून ओरडला, “खाली राहिलं ते माझं!”

“काही राहिलेलं नाही,” स्वयंपाकघरातून त्याची बायको इमास म्हणाली. “भात केव्हाच संपला.”

“अगं नेंग, गाण्यातली ओळ आहे ती! सराव करतोय.”

“एका ओळीचा केवढा तो सराव! आणि कांग, माईक तर हल्ली त्या दातवालीकडे जातो ना?”

जाजांगने शर्टाचं बटण असं ओढलं की ते हातात आलं. बायकोसकट सगळे त्याला ‘कांग’ म्हणजे दादा म्हणत आणि तो तिला लाडाने ‘नेंग’; पण दुखरी जागा इमासला अचूक सापडायची.

‘केराक’ हा इंडोनेशियातल्या बांडुंग शहरातल्या चार टाळक्यांचा बँड. केराक म्हणजे भांड्याच्या बुडाला लागलेली भाताची खरवड, आणि त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणंही त्या खरवडीवरच. गाण्याच्या शेवटी सगळी वाद्यं एकदम गप्प व्हायची. गायक तातांग वाकून पहिल्या रांगेतल्या कुणा एकाच्या तोंडासमोर माईक धरायचा आणि त्याने एकट्याने ओरडायचं, “खाली राहिलं ते माझं!” की लगेच ड्रमचा दणका. ही ओळ जाजांगची होती. ऐकायला तो आणि ड्रमवाल्या गुगुनचे तीन मेहुणे एवढेच येत, त्यातही मेहुणे गुगुनला घरी न्यायला आलेले असत, तेव्हापासून त्याची. दिवसभर तो छपाईच्या दुकानात दुसऱ्यांची नावं दुसऱ्यांच्या शर्टांवर छापायचा. महिन्यातून एकदा एक ओळ तेवढी त्याच्या नावावर होती.

आणि आता दोन महिने झाले, ती ओळ रेंगानिस म्हणत होती. दातांच्या डॉक्टरकडे कामाला असलेली, कालपरवा बँड ऐकायला लागलेली मुलगी! बरं, वाईट म्हणत असती तरी गोष्ट वेगळी. चांगली म्हणायची. जाजांगच्या पोटात दुखायचं ते याचंच.

“शेजारचा दीदीन माझ्याकडे टक लावून बघतो, तेव्हा नाही कधी असा जळलास,” इमास म्हणाली.

“दीदीन बघतो?”

“नाही बघत. पण बघत असता तरी तुला पत्ता लागला नसता.”

कार्यक्रमाची जागा गल्लीच्या टोकालाच होती. खाली पाक हाजी ओमान (पाक म्हणजे आपलं ‘साहेब’) यांचं मोटारसायकलच्या सुट्या भागांचं दुकान, वर लांबट खोली, तिच्या टोकाला गुडघाभर उंचीचं स्टेज. दुपारी चारला सुरू, मगरीबच्या म्हणजे तिन्हीसांजेच्या नमाजाला मधली सुट्टी, नऊला सगळं बंद. जाजांग नेहमीसारखा सगळ्यांच्या आधी पोचला. ड्रम वर चढवायला त्याने हात लावला. पायाने वाजवायच्या त्या मोठ्या ड्रमची त्याला खडान्खडा माहिती: पुढच्या बाजूला डोकं जाईल एवढं भोक, आत दोन जुन्या उशा, आणि पायपट्टीतून वर आलेला एक बोल्ट. मग तो पहिल्या रांगेत मधोमध जाऊन पाय रोवून उभा राहिला. आज मेलो तरी हलणार नाही!

पहिले दोन बँड वाजवून झाले. तेवढ्यात मागून गोड आवाज आला, “कांग, जरा सरकता?”

आणि जाजांग सरकला! आईने लहानपणी लावलेलं वळण, दुसरं काय? सरकल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण सरकलो आणि मधोमध रेंगानिस उभी आहे. पायात काळे कॅनव्हासचे बूट, त्यांना नव्याकोऱ्या लालभडक नाड्या. पिशवीतून काहीतरी काढून ती केराकच्या पोरांना वाटायला लागली आणि पोरं दात काढून हसत होती. ते काय आहे हे बघायचंच नाही, असं ठरवून जाजांग तरातरा जिना उतरला. समोरच्या गाडीवर त्याने दोन बशा बतागोर, म्हणजे माशाच्या तळलेल्या वड्या, खाल्लं. शेंगदाण्याचा रस्सा तिखट होता, पण डोळ्यांतलं पाणी काही त्याचं नव्हतं.

मगरीबची बांग झाली. दुकानामागच्या नमाजाच्या खोलीत अर्धं पब्लिक गेलं, त्यात जाजांगही होता. त्याचं लक्ष कुठे होतं ते न सांगितलेलंच बरं. तो सगळ्यांच्या आधी बाहेर आला, तर पायरीवर बुटांची ही रास! झाडून सगळे काळे, सगळे कॅनव्हासचे, पांढऱ्या पट्टीचे. बुटांवरून माणूस ओळखायचा तर अख्खं बांडुंग एकच माणूस ठरलं असतं. फक्त कडेला एक लहानशी जोडी होती, लाल नाड्यांची.

जाजांगच्या मनात जे आलं ते येताना अगदी सभ्य वाटलं. एका बुटावर पहिल्या रांगेत कोण उभं राहील? तिथे तर लोक एकमेकांच्या पायांवर नाचतात. बिचारी मागे बाकावर बसेल. कार्यक्रम संपला की बूट सापडेल. ही चोरी कसली? नुसतं इकडचं तिकडे!

उजव्या पायाचा बूट त्याने शर्टाखाली घातला आणि तो वर आला. खोली रिकामी होती, उरलेलं पब्लिक खाली गाड्यांवर खात होतं. लपवायचा कुठे? जिथे कुणी बघणार नाही तिथे. ड्रमच्या भोकातून हात घालून त्याने बूट दोन उशांच्या मधे कोंबला आणि साळसूद चेहऱ्याने खाली आला.

खाली हलकल्लोळ माजला होता. पायरीवर गुगुन एका पायावर नाचत होता. “माझा बूट! अरे, उजवा बूट कुणी नेला?” आणि त्याच्या शेजारी रेंगानिस उभी होती. दोन्ही पायांत दोन लाल नाड्यांचे बूट घालून.

जाजांगने गुगुनच्या डाव्या बुटाकडे पाहिलं. “तुझ्या बुटाला लाल नाडी कशी काय?”

“तेह रेंगानिसने, ह्या ताईंनी, दिली ना आजच, आम्हा चौघांना! बाकीच्यांनी खिशात ठेवली, मी लगेच घातली. तू कुठे उलथला होतास?”

गुगुन होता चणीने एवढासा. ड्रमच्या मागे बसला की नुसते केस दिसायचे. त्याचा पाय बाईमाणसाच्या पायाएवढा, हे जाजांगला आज कळलं.

गुपचूप बूट काढून आणावा म्हणून तो वर धावला, तर तातांग ड्रमला टेकून गिटार जुळवत बसलेला. “काय रे कांग, घाम केवढा आलाय तुला!”

“बूट शोधतोय,” जाजांग म्हणाला. खोटं नव्हतं ते.

अनवाणी वाजवावं तर पायपट्टीतला तो बोल्ट. पाक हाजी म्हणाले, “काही काळजी करू नका,” आणि त्यांनी सरळ नमाजखोलीचा भोंगा चालू केला. “लोकहो, एक काळा बूट हरवला आहे. उजवा पाय, लाल नाडी. ज्याने चुकून नेला असेल त्याने आणून द्यावा. ज्याने मुद्दाम नेला असेल त्याने तर नक्कीच आणून द्यावा.” बांडुंगचे लोक मदतीला तत्पर. पाच मिनिटांत गल्लीतल्या बायका घरात पडलेली एकटीदुकटी पायताणं घेऊन हजर झाल्या. एका आजीबाईंनी लाकडी खडाव आणली. जाजांग सगळ्यांत पुढे होऊन शोधत होता. त्याने बतागोरच्या गाडीखाली डोकं घातलं, गटार काठीने ढवळलं. तेवढ्यात फोन वाजला.

“कांग, भोंग्यावर बूट-बूट काय चाललंय?” इमास विचारत होती. “तुझा गेला का?”

“नाही.”

“मग तू घेतलास का?”

जाजांगने फोनच बंद केला. शेवटी राहवेना म्हणून त्याने आपला बूट काढून गुगुनपुढे धरला. गुगुनने पाय घालून पाहिला. “ह्यात पाय नाही, मी अख्खा झोपेन!”

तेव्हा रेंगानिस खाली वाकली आणि तिने आपला उजवा बूट काढून दिला. तो गुगुनच्या पायात बेतून शिवल्यासारखा बसला. टाळ्या पडल्या. तातांग म्हणाला, “तेह, असल्या गर्दीत तुम्ही एका बुटावर उभ्या राहणार? छे छे! वर या, स्टेजवर बसा.”

झालं! पहिल्या रांगेतून उठवायला गेला, तर बाई थेट स्टेजवर. स्पीकरच्या खोक्यावर बसून ती पाय हलवत होती आणि जाजांग मान वर करून तिच्या मोज्याकडे बघत होता. आता मधोमध जागा रिकामी होती, पण काय चाटायची आहे ती जागा!

गुगुनने पहिला ठोका मारला आणि सगळे दचकले. नेहमीचा ‘ठण’ नव्हता. उखळात मुसळ पडावं तसा ‘ढब्ब’ असा आवाज आला आणि तो कानात नाही, थेट पोटात गेला. गुगुनने ड्रमकडे संशयाने पाहिलं. पुन्हा मारला. ढब्ब! त्याच्या तोंडभर हसू पसरलं. मग जे काय वाजलं म्हणता! खिडक्या थरथरल्या, पाक हाजी जिन्यात येऊन मान डोलवायला लागले. जाजांग मात्र प्रत्येक ढब्बला डोळे मिटत होता.

शेवटचं गाणं आलं. वाद्यं थांबली. माईक रेंगानिसकडे गेला, तिने ओळ म्हटली, सुरेखच म्हटली मेलीने, आणि गुगुनने सगळा जीव पायात आणून दणका दिला. ड्रमच्या भोकातून एक उशी बाहेर पडली आणि तिच्या मागून सणसणत बूट आला तो जाजांगच्या छातीवर.

“माझा बूट!” गुगुन किंचाळला. “ड्रममधे?”

तातांगने बूट उचलला, ड्रमकडे पाहिलं, पुन्हा बुटाकडे. “म्हणजे तो आवाज ह्याचा! अरे, काय डोकं आहे! कुणाचं हे?” आणि तो रेंगानिसकडे वळला. “तेह, तुमचंच काम हे! लाल नाडी दिलीत, बूट आत टाकलात आणि स्वतःचा काढून दिलात!”

“नाही हो, मी कुठे काय…”

“बघा, वर नम्रपणा किती!” तातांग ओरडला. “रेंगानिस! रेंगानिस!” सगळी खोली ओरडायला लागली.

घटकाभरापूर्वी आळ दुसऱ्यावर गेला असता, तर सुटलो म्हणून जाजांगने आनंदाने पाक हाजींचे पाय धरले असते. पण हा आळ कुठे होता? हे तर कौतुक! आणि तेही तिलाच! माईक तिचा, स्टेज तिचं, आता त्याने जिवावर उदार होऊन केलेली चोरीसुद्धा तिची! जाजांगच्या डोक्यात तिडीक गेली. एका उडीत तो स्टेजवर चढला आणि त्याने तातांगच्या हातातला माईक हिसकावला.

“तिने नाही! मी! चोर मी आहे!”

आवाज खणखणीत निघाला. इतका सराव वाया थोडाच जाणार?

“माझा बूट चोरलास?” गुगुन म्हणाला.

“तुझा नव्हता चोरायचा रे. हिचा चोरायचा होता.”

हे बोलल्यावर त्याला कळलं की हे आणखी वाईट झालं. जिन्यातून पाक हाजी म्हणाले, “आणि मी अख्खी गल्ली गोळा केली, बाळा.” जाजांगने मान खाली घातली.

रेंगानिस खोक्यावरून उतरली, लंगडत त्याच्याजवळ आली. “कांग, माईक हवा होता तर बोलायचं की! मी दर वेळी विचारते, सरकता का, आणि तुम्ही सरकता. मला वाटलं, तुम्हाला त्या ओळीचा कंटाळा आला.”

दोन महिने ज्या आगीत तो जळत होता ती ‘नाही सरकत’ एवढ्या दोन शब्दांनी विझली असती. गुगुनने मात्र जागच्या जागी शिक्षा सुनावली: “माझा बूट मला परत. पण तो आवाज मला हवाय. आजपासून ड्रममधे तुझा बूट.”

तेव्हापासून दर महिन्याला जाजांग पहिल्या रांगेत डाव्या पायात बूट, उजव्यात नुसता मोजा घालून उभा असतो. माईक अजून रेंगानिसकडेच जातो. त्याला काही वाटत नाही. शेजारी कुणी नवखा दिसला की तो त्याला कोपराने ढोसतो, “तो ढब्ब ऐकलास? माझा बूट.”

परवा कार्यक्रमाआधी रेंगानिस त्याच्याजवळ आली. “कांग, आज एकदा माझा बूट जाऊ द्या ना आत. माईक तुम्ही घ्या.”

“नाही सरकत,” जाजांग म्हणाला.

ती हसली, पण जाता जाता तिने त्याच्या पायांकडे पाहिलं, ते जाजांगला आवडलं नाही. मगरीबच्या सुट्टीत, केराकची पाळी यायच्या आधी, त्याने पायरीवर बूट ठेवलेच नाहीत. इमासला मुद्दाम घरून बोलावून घेतलं आणि जोडी तिच्या हातात दिली.

“माझ्यावर तरी भरवसा आहे ना, कांग?” इमास म्हणाली.

जाजांग दोन पावलं आत गेला, थांबला आणि परत आला.

“डावा ठेव तू,” तो म्हणाला. “उजवा दे इकडे.”