रातू नेमानींचे गुडघे

"या वेळी काही चुकणार नाही," अपेनिसाने बायकोला सांगितले. "चुकायला मी काही शिल्लकच ठेवलेलं नाही."

ते खरेही होते. वाइलेका बेटावर त्याने उभारलेल्या रिसॉर्टात पहिले पाहुणे येणार होते, आणि काळजी करण्यासारखी प्रत्येक गोष्ट हुडकून हुडकून त्याने तिची आगाऊ काळजी करून ठेवली होती. जनरेटर बंद पडला तर दुसरा जनरेटर. दुसराही बंद पडला तर कंदील. पाहुण्यांच्या टाळक्यात पडू नयेत म्हणून वाटेवरच्या माडांचे नारळ उतरवून झाले होते. स्वागताच्या गाण्यात दर वेळी भलताच सूर लावणाऱ्या मेव्हण्यालासुद्धा त्याने होडीच्या इंजिनाजवळ बसवले होते, म्हणजे तो गायला तरी ऐकू येणार नव्हता.

मेरेसेइनी मासे साफ करत होती. तिने मान वर केली नाही. "आणि रातू?"

"रातूंचं काय?"

"कालपासून खोकताहेत म्हणे."

अपेनिसाच्या तोंडचे पाणी पळाले.

रातू नेमानी म्हणजे बेटाचे प्रमुख. जमीन त्यांच्या कुळाची, किनारा त्यांच्या कुळाचा, आणि प्रवाळाच्या कड्यापर्यंतचा समुद्रही त्यांच्याच कुळाचा. प्रमुख गेला की शंभर रात्री त्या समुद्रात कुणी पाय घालायचा नाही, हा वाडवडिलांपासूनचा रिवाज. तो मोडावा असे अपेनिसाच्या स्वप्नातही आले नसते. त्याचे म्हणणे इतकेच होते की रातूंनी एवढा हंगाम निभावून न्यावा. समुद्र बंद असलेल्या रिसॉर्टात पाहुण्यांनी करायचे काय, रेती मोजायची?

नांदी शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात लोकांच्या बॅगा उचलण्यात त्याची अर्धी उमर गेली होती. तिथून तो परत आला, गावापुढे बसला आणि म्हणाला, किनारा द्या, आपल्या पोरांना पोटासाठी बेट सोडावं लागणार नाही. गावाने दिला. आता ग्लेनिस नावाची प्रवासी कंपनीची बाई पहिला जथा घेऊन येणार होती. तिला आवडले तर ती हंगामभर माणसे पाठवणार. नाही आवडले तर अपेनिसाला पुन्हा बॅगा, आणि जाण्याआधी सगळ्या गावाला तोंड दाखवणे.

तो तडक रातूंच्या घरी गेला. रातू चटईवर आडवे होते. शेजारी त्यांचे मुखत्यार सैलोसीकाका मांडी घालून बसले होते. रातूंच्या वतीने बोलण्याचा मान त्यांच्या घराण्याचा, त्यामुळे रातूंना शिंक आली तरी ती सैलोसीकाका जाहीर करत.

"रातू, तब्येत कशी आहे?"

"संपलं आता, पोरा," रातू म्हणाले. "पूर्वजांची होडी निघाली आहे. वल्ह्यांचा आवाज ऐकू येतोय मला."

"होडी निघाली आहे," सैलोसीकाका म्हणाले.

रातूंना ही होडी दर वर्षी आंब्याला मोहोर आला की ऐकू येत असे. पण दर वर्षी अपेनिसाकडे पाहुणे येत नव्हते. त्याने धावत जाऊन दवाखान्यातून नर्स वासितीला आणले. तिने रातूंची छाती तपासली, जीभ पाहिली, पोट दाबले.

"यांना काही झालेलं नाही," ती बाहेर येऊन म्हणाली. "नारळाच्या दुधातलं कमी खा म्हणावं. आणि गुडघे धरलेत. कोमट पाण्यात बसवा रोज, मोकळे होतील."

"म्हणजे जगतील?"

"अपेनिसा, तुझ्यापेक्षा जास्त जगतील."

पण काळजीखोर माणसाला धीर देणे म्हणजे गळक्या मडक्यात पाणी भरणे. अपेनिसाने रातूंना उचलून रिसॉर्टच्या सगळ्यात चांगल्या बंगलीत आणून ठेवले. पंखा लावला. माशाचे सार सुरू केले. सैलोसीकाकाही वळकटी घेऊन आले, कारण रातूंची फर्माइश सांगायला कुणीतरी हवेच.

"रातू विचारतात, पपई आहे का."

"रातू म्हणतात, उशी अजून एक."

"रातू म्हणतात, सैलोसीलाही सार द्या."

राहता राहिले गुडघे. रिसॉर्टाच्या मधोमध अपेनिसाने पोहण्याचा छोटा तलाव बांधून घेतला होता, निळ्या फरशांचा. दिवसभर उन्हात त्याचे पाणी छान कोमट होई. अपेनिसा मेथडिस्ट चर्चचा माणूस असल्यामुळे देव पाण्यात घालून बसण्याची सोय नव्हती. त्याने रातूंनाच पाण्यात घातले.

रातू फुलाफुलांचा सदरा आणि कमरेला लुंगीसारखा गुंडाळलेला सुलू न काढता पायरीपायरीने उतरले, गळ्याइतक्या पाण्यात बसले आणि डोळे मिटून म्हणाले, "अहाहा." दुपारपर्यंत त्यांच्या गालांवर तजेला आला. संध्याकाळी होडीचा आवाज बंद झाला. अपेनिसाला त्या रात्री कित्येक दिवसांनी झोप लागली.

सकाळी तो उठून पाहतो तर तलावाच्या काठावर वेळूची काठी रोवलेली आणि तिला माडाचे पान बांधलेले. ही खूण बेटावरच्या रांगत्या मुलालाही कळते. पुढे पाऊल टाकायचे नाही.

"सैलोसीकाका, हे काय?"

"बंदी," सैलोसीकाका म्हणाले. "रातू जिथं अंघोळ करतात तिथं दुसऱ्यानं उतरायचं नसतं. तुला माहीत नाही?"

"अहो, ते ओढ्यातल्या त्यांच्या डोहाला! हा तलाव आहे. सुवा शहरातल्या ठेकेदारानं बांधलाय. फरशा आहेत याला."

"फरशांना कुठं बंदी घातलीय? पाण्याला घातली. पाणी ते पाणी."

"मग पाणी बदलतो."

"डोहातलं पाणी रोज वाहून जातं. म्हणून कधी उतरलास तू डोहात?"

अपेनिसा कधीच उतरला नव्हता आणि उतरणारही नव्हता. "किती दिवस?" त्याने विचारले.

"रातू आहेत तोवर."

त्याने स्वतःची समजूत घातली. रातू ठणठणीत, म्हणजे समुद्र मोकळा. घरचा समुद्र सोडून फरशांच्या डबक्यात कोण मरायला जातेय?

दुपारी होडी लागली. गाणे झाले, माळा घालून झाल्या, मेव्हणा इंजिनाआड गायला तो कुणाला ऐकू आला नाही. पाहुणे ऑस्ट्रेलियाच्या पोटातल्या, मेंढ्या पाळणाऱ्या कुठल्याशा गावचे होते, सगळी निवृत्त मंडळी. किनाऱ्यावर ती ओळीने उभी राहिली आणि निळ्याशार पाण्याकडे गढूळ चेहऱ्याने बघू लागली.

"यात शार्क असतात का?" डोरीन नावाच्या एका आजींनी विचारले.

"कड्याच्या आत नाही येत."

"त्यांना कुणी सांगितलंय आत यायचं नाही म्हणून?"

एका आजोबांना जेलीफिशची धास्ती होती. दुसऱ्यांच्या मेव्हण्याचा पाय म्हणे प्रवाळाने कापला होता. समुद्र फोटोपुरता छान आहे, असे सर्वानुमते ठरले. मग डोरीनआजींचे लक्ष माडांच्या मागे गेले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगंबाई, तलाव आहे की इथे! चला, टॉवेल काढा."

अपेनिसा त्यांच्या मागे धावला.

सगळा तांडा टॉवेल घेऊन तलावावर पोचला तेव्हा रातू पाण्यात गळ्याइतके बसून पपई खात होते. काठीजवळ सैलोसीकाका उभे होते आणि त्यांचा चेहरा असा होता की टॉवेल आपोआप खाली आले. ग्लेनिस ही उंच, टोपीवाली, थोडक्यात बोलणारी बाई होती. तिने अपेनिसाला बाजूला घेतले.

"हा तलाव बंद आहे?"

खरे सांगावे तर, हा कायमचा बंद आहे, हे सांगावे लागणार. अपेनिसाची जीभ घसरली. "पाण्यात औषध टाकलंय."

"मग ते गृहस्थ आत कसे?"

"त्यांच्यासाठीच टाकलंय."

ग्लेनिसने टोपी नीट केली. "हे बघा, माझी माणसं समुद्रात उतरणार नाहीत. तुमच्या पत्रकात तलावाचा फोटो आहे. उद्या सकाळपर्यंत तो उघडला नाही, तर येणाऱ्या होडीनं मी त्यांना शेजारच्या बेटावर नेते."

अपेनिसाने रीतीप्रमाणे नजराणा म्हणून यांगोनाची मुळी घेतली, रातूंच्या बंगलीत गेला, खाली बसला, मुळी पुढे ठेवली आणि विनंती केली. रातूंनी ऐकून घेतले. मुळी घेतली. मग हळहळून म्हणाले, "पोरा, माझ्या हातात असतं तर आत्ता उठवली असती बंदी. पण ती माझ्याबरोबरच जाणार."

"बरोबरच जाणार," सैलोसीकाका म्हणाले.

बाहेर मेरेसेइनी उभी होती. तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला. "नाही?"

"रातू असेपर्यंत तलाव बंद. रातू गेले की समुद्र बंद."

"इकडे आड, तिकडे विहीर," ती म्हणाली, "आणि आडात रातू."

"तुला थट्टा सुचतेय!"

"मग काय रडू? त्या म्हाताऱ्यांना समुद्रात घेऊन जा की."

"घाबरतात ते."

"तुझ्याकडे बघून घाबरत असतील. तूच मघापासून पिशाच्च लागल्यासारखा फिरतोयस."

संध्याकाळच्या जेवणाला रातू पाहुण्यांबरोबर बसले. मेरेसेइनीने जमिनीतल्या भट्टीतून तारोचे कंद आणि आख्खा मासा काढला होता. जेवण रंगात आले असताना रातू एकाएकी थांबले. डोळे मोठे झाले, हात गळ्याकडे गेला. काटा अडकला होता.

अपेनिसा त्यांच्या पाठीशीच उभा होता. हात वर गेला, आणि वरच राहिला. कारण एका क्षणात त्याच्या डोक्यात आले की या लोकांना समुद्र नकोच आहे, तलाव हवा आहे, आणि रातू गेले तर तलाव... मग आपण काय विचार केला हे त्याचे त्यालाच कळले आणि त्याला स्वतःची विलक्षण भीती वाटली. ज्या माणसाने आपल्याला किनारा दिला, लहानपणी खांद्यावर बसवून ओहोटी दाखवली, त्याच्याबद्दल हा विचार! त्याने रातूंच्या पाठीत असा काही रट्टा घातला की काटा उडून सैलोसीकाकांच्या ताटात पडला.

रातूंनी श्वास घेतला, पाण्याचा घोट घेतला आणि मागे वळून त्याच्याकडे बराच वेळ पाहिले.

"एवढ्या जोरात नको होता," ते म्हणाले. "पण जरा लवकर चालला असता."

अपेनिसाची मान खाली गेली. जाऊ दे रिसॉर्ट, त्याला वाटले. बॅगा तर बॅगा. रातू जगोत.

सकाळी होडी यायच्या वेळेला तो पाहुण्यांचे सामान उचलायला निघाला, बॅगांची सवय परत करून घ्यावी म्हणून. पण बंगल्यांत कुणीच नव्हते. किनाऱ्याकडून हसण्याचा गलका येत होता.

ओहोटी लागली होती. पाणी गुडघ्याच्याही खाली. गावातल्या बायका रोजच्यासारख्या टोपल्या घेऊन शिंपले गोळा करायला उतरल्या होत्या. मेरेसेइनीने जाता जाता डोरीनआजींच्या हातात एक टोपली दिली होती आणि दुसरा हात स्वतःच्या हातात घेतला होता, बस्स. आजी पाण्यात. आजींच्या मागे त्यांची मैत्रीण, मैत्रिणीच्या मागे तिचा नवरा. जेलीफिशवाले आजोबा तर चक्क बसले होते पाण्यात, आणि भोवती निळे मासे आले की लहान पोरासारखे हाका मारत होते.

"शार्क दिसला का?" अपेनिसाने डोरीनआजींना विचारले.

"सवड कुणाला आहे?" आजी म्हणाल्या. "टोपली भरायचीय."

ग्लेनिस टोपी सांभाळत पाण्यातूनच त्याच्याकडे आली. तिची विजार मांड्यांपर्यंत भिजली होती. "तुमचा तो तलाव," ती म्हणाली, "पत्रकातून काढून टाका. तलाव सगळीकडे असतात. हे शिंपल्यांचं ठेवा. मी हंगामभर माणसं पाठवते."

अपेनिसा रेतीवर मटकन बसला. त्याला एकाच वेळी हसू आणि रडू येत होते. मेरेसेइनीने लांबून टोपली उंचावली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने काळजी करण्यासारखे काहीतरी शोधून पाहिले आणि त्याला काहीही सापडले नाही.

तेवढ्यात मागे पावले वाजली.

तलाव सकाळपासून ओस पडला होता. काठावर टॉवेल घेऊन आशाळभूतपणे बघत बसायला कुणी नव्हते, आणि एकट्याने निळ्या फरशा बघत बसण्यात काय मजा? रातू नेमानी बाहेर आले होते. फुलाफुलांच्या सदऱ्यातून पाणी निथळत होते. काठी न घेता, न लंगडता, पोराच्या चालीने ते किनारा उतरत होते. मागून सैलोसीकाका येत होते, आणि त्यांच्या काखेत वेळूच्या काठ्यांचा भलामोठा भारा होता.

"तिथं फार मौज चाललीय," रातू म्हणाले. "मीही जरा डुंबून येतो."

अपेनिसा धडपडत उठला आणि दोन्ही हात पसरून आडवा झाला. "रातू, नको! पाणी गार आहे, खोकला आहे तुम्हाला. तुमचे गुडघे, रातू! तुमची तब्येत!"

रातूंनी प्रेमाने त्याच्या खांद्यावर ओला हात ठेवला आणि त्याला अलगद बाजूला केले.

"कसली तब्येत, पोरा?" ते म्हणाले. "तूच तर बरं केलंस मला."