शिळा करंट

आमचे शेजारी नामदेवराव एक दिवसाआड संध्याकाळी विजेच्या स्कूटरवर बसून शिळा करंट सांडायला निघतात.

काम काहीच नसतं. मैदानाला फेऱ्या मारायच्या, मग पातूरच्या रस्त्याला लागायचं आणि बॅटरी तळाला गेली की परत फिरायचं. एकदा अंदाज चुकला. स्कूटर मालाच्या ऑटोत टाकून आणावी लागली. उतरले ते छाती काढूनच. "पण वयनी, थेंब नाई ठेवला!"

हे वेड कुठून आलं ते सांगते. नामदेवराव नोकरीभर नळाचे व्हॉल्व्हमन होते. आमच्या अकोल्यात नळ रोज येत नाही. येणार म्हटलं की बाया आधीचं भरलेलं पाणी सांडून देतात. ते खराब झालेलं नसतं, शिळं झालेलं असतं. मीही सांडते. नामदेवरावांच्या खांद्यावर व्हॉल्व्हची लांब लोखंडी चावी दिसली की गल्लीतली सगळी अंगणं ओली. ते शिट्टी फुंकायचे, चावी फिरवायचे आणि आम्ही त्यांना शिव्या द्यायचो. उशिरा सोडलं म्हणून, लवकर बंद केलं म्हणून. पण नाव घेऊन द्यायचो.

ते रिटायर झाले. मग बायको गेली. पुण्याच्या मुलानं स्कूटर घेऊन दिली आणि पुण्याला परत गेला.

त्याच सुमारास पाण्याच्या टाकीखाली, निंबाच्या झाडाजवळ, विजेवर चालणाऱ्या कचऱ्याच्या घंटागाड्यांसाठी चार्जिंगची जागा झाली. एक पॉइंट लोकांसाठी ठेवला, वापरून पाहा म्हणून. नामदेवरावांनी कोणाला न विचारता तो ताब्यात घेतला. शिट्टी परत गळ्यात आली.

"आज वरची गल्ली, उद्या खालची! खालच्यायनं घाई करू नका, शेवटाले प्रेशर कमीच येते!"

लोकही तसलेच. गाडी घरी आणि नंबरला वीट. एक जण इन्व्हर्टरची बॅटरी डोक्यावर घेऊन आला. माझ्याकडे तर सायकलसुद्धा नाही. तरी मी हंडा ठेवला. काही सुटणार असेल तर नंबर लावलेला बरा.

मग एक दिवस इंजिनीअर मॅडम नकाशा घेऊन आल्या. शहरात चार्जिंगच्या जागा कुठे करायच्या ते त्या ठरवत होत्या. म्हणाल्या, "घंटागाड्यांचं इथंच राहील. लोकांचा पॉइंट गर्दी असेल तर ठेवू, नाहीतर बसस्टँडकडे नेऊ. पुढच्या आठवड्यात बघायला येते."

नामदेवरावांनी घरोघरी जाऊन हातापाया पडून गर्दी जमवली. मॅडम आल्या तेव्हा निंबापासून पिठाच्या गिरणीपर्यंत रांग होती. विजेच्या गाड्या पुढच्या थोड्या. त्यांच्या मागे पेट्रोलच्या मोटारसायकली, एक ट्रॅक्टर आणि शेवटी माझी भाजीची हातगाडी.

"हा ट्रॅक्टर कशाला, काका?"

"त्याचा हॉर्न कमजोर झाला, मॅडम. बारीक वाजून राहिला."

"आणि आजी, तुमच्या हातगाडीला चार्जिंग?"

"चढावर दम लागते मले," मी म्हटलं.

मॅडम पोट धरून हसल्या. पण नकाशावरचा आमच्या निंबाजवळचा लोकांचा पॉइंट फुली मारून खोडला. मग चांगल्या मनानं विचारलं, "काका, ही स्कूटर घरच्या प्लगवर चार्ज होते. तुम्हाला काय अडचण आहे?"

"घरी प्लग नाई, मॅडम."

मी शेजारीण. मुलानं फाटकाजवळ भिंतीत प्लग बसवून दिला होता ते मी पाहिलं होतं. त्यावरचं प्लास्टिकही अजून काढलं नव्हतं. मॅडम गेल्यावर मी सरळ विचारलं, "भाऊजी, खोटं काहून बोलले?"

ते शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. "घरी बी भरते, वयनी. पण तिथं कोणी भांडत नाई."

लोकांचा पॉइंट बसस्टँडकडे गेला. निंबाखाली घंटागाड्या तेवढ्या उभ्या राहू लागल्या. नामदेवरावांची शिट्टी बंद झाली. करंट सांडायलाही ते निघेनात. स्कूटरच्या सीटवर मांजर झोपू लागलं.

मी थोडे दिवस पाहिलं. मग एका सकाळी हातगाडी त्यांच्या फाटकाशी लावली. तिथं सावली चांगली आहे, वांगी सुकत नाहीत, म्हणून लावली. भिंतीतल्या प्लगखाली हंडा ठेवला आणि ओरडले, "अहो नामदेवराव! कवा सोडता करंट? झोपा काढून राहिले का? लोकायनं काय दिवसभर उभं रायाचं?"

दार उघडेना. मी आणखी मोठ्यानं ओरडले. वरच्या गल्लीतल्या एका बाईनं ते ऐकलं. तिला वाटलं, खरंच काहीतरी सुटून राहिलं. ती ड्रम घेऊन धावत आली. तिच्या मागे दुसरी आली, आणि नंबरावरून आमची चांगली जुंपली.

तेवढ्यात दार उघडलं. नामदेवराव बनियनवरच बाहेर आले. गळ्यात शिट्टी होती. आधी त्यांनी ड्रमाकडे पाहिलं, मग माझ्या हंड्याकडे. प्लगवरचं प्लास्टिक नखानं ओरबाडून काढलं आणि शिट्टी अशी फुंकली की सीटवरचं मांजर उडालं.

"वयनी, हंडा मांगं घ्या! आज वरची गल्ली!"

मी हंडा हलवला नाही. त्यांचं नाव घेऊन एक कचकचीत शिवी दिली.