रकाना नववा : मूळ गाव

सन एकोणसाठमध्ये आमच्या परळच्या कचेरीतून एक नळ मंजूर झाला. वडाळ्याच्या मिठागराला लागून कातकऱ्यांची वस्ती आहे, तिच्यासाठी. तिथल्या बाया पाण्याला रेल्वेच्या यार्डात जात आणि पहारेकरी त्यांना हाकलून लावी. त्या धावपळीत दर आठवड्याला एखादं मडकं फुटायचंच. नळाचे पाइपसुद्धा कचेरीच्या अंगणात येऊन पडले होते. अडलं होतं एका आकड्यावर. नळ 'मूळ रहिवाशां'साठी होता आणि मुंबईत मूळ रहिवासी किती, हे सरकारला ठाऊक नव्हतं. बाहेर सारं शहर 'मुंबई आमची' म्हणून घसा फोडत होतं. त्यातले मूळचे किती, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी गुणाजी परब, कारकून, वर्ग तिसरा.

येत्या शिरगणतीची ही रंगीत तालीम होती. मूळ रहिवासी म्हणजे कोण, याची व्याख्या आमचे हेडक्लार्क शामराव यांनी पान थुंकता थुंकता केली.

"नववा रकाना बघा, परब. 'मूळ गाव.' तिथे ज्याचं 'मुंबई' येईल तो मूळचा. आणि रकाना रिकामा ठेवायचा नाही. रिकाम्या रकान्यातला माणूस सरकारला दिसत नाही."

वडाळ्याला एकेचाळीस झोपड्या. पहिल्या दारात सुकरी नावाची बाई उभी होती, कडेवर मडकं.

"मूळ गाव?"

"ह्येच."

"हे गाव नाही, बाई. हे मिठागर. आमच्या यादीत नाही."

"मीठ मागून आलं, सायेब. आमी आदी."

"मग मुंबई लिहू?"

"न्हाय वो! मुंबई तकडं. रुळाच्या पल्याड."

आता आली का पंचाईत! मी देवगडचा. आमच्या चाळीत माणसाला नोकरी नसली तरी चालते, गाव लागतं. माझ्या तोंडून भराभर मालवणीच बाहेर पडली. "अवो, गणपतीक खंय जातास?" तर म्हणे कुठंच नाही. "आणि शिमग्याक?" तर हितंच. मला तिची खरंच कीव आली. एवढ्या मोठ्या जगात बाईला गाव म्हणून नाही! मी मन मोठं केलं आणि माझंच गाव तिला देऊन टाकलं. 'तालुका देवगड.' एकेचाळीस झोपड्या, एकेचाळीस वेळा. हात दुखला, पण मन भरून आलं होतं.

दुसऱ्या दिवशी शिवाजी पार्क. कमलाकांत धैर्यवान, निवृत्त सॉलिसिटर, आरामखुर्चीत पेपर वाचत होते. 'मूळ गाव' म्हटल्याबरोबर ताडकन उभे राहिले.

"मूळ गाव? मिस्टर, आम्ही सातशे वर्षांपूर्वी बिंबराजाबरोबर इथे आलो!"

"आलात? म्हणजे कुठून?"

"ते विचारायचं नाही. मुंबई लिहा."

लिहिलं. सॉलिसिटरशी वाद कोण घालणार?

महिन्याभराने आकडे जुळले. मूळ रहिवासी : धैर्यवान आणि त्यांची भावकी, मिळून सत्तावीस जण, सगळे एकाच इमारतीत. वडाळा : शून्य. पाइप हातगाडीवरून शिवाजी पार्कला गेले आणि धैर्यवानांच्या फाटकाशी सार्वजनिक नळ उभा राहिला. पाठोपाठ त्याच योजनेतून बारा घोंगड्या, सहा कोयते आणि प्रौढ साक्षरतेचे मास्तर येऊन दाखल झाले. सॉलिसिटरसाहेबांनी मास्तरांना आधी इंग्रजीत झापलं. पण मग 'मूळ रहिवासी' असा शिक्का मारलेला दाखला आला. त्यांच्या पत्नी लीलाबाईंनी तो चौकट करून दिवाणखान्यात लावला आणि यजमान मुकाट्याने पाटीवर 'ग म भ न' गिरवू लागले. तीन गैरहजेऱ्यांवर दाखला रद्द होता ना! आठवड्याभरात शेजारचे चार बिऱ्हाडवाले कचेरीत हजर. "परबसाहेब, आमचंही मुंबईच लिहा. देशस्थ असलो म्हणून काय झालं?"

आणि त्याच दुपारी सुकरी वडाळ्याहून चालत आली.

"सायेब, नळ?"

शामरावांनी फाइल काढली, चष्मा पुसला. "तुमचं पाणी देवगडला मंजूर आहे, बाई. विहीर. खणताहेत."

खणताहेत कसली, खणून झाली होती. आईचं पत्र माझ्या खिशातच होतं : विहीर आपल्या अंगणासमोर आली, पाणी खडीसाखरेसारखं गोड, देव तुझं भलं करो.

"शामराव, चूक माझी आहे," मी म्हणालो. "दुरुस्त करू या."

"करू की! एकसष्टचे तक्ते यावरूनच तयार झालेत, त्यामुळे आता एकाहत्तर साली. अर्ज आजच देऊन ठेवा म्हणावं, गर्दी होते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईच्या हातातलं मडकं कोरडं ठणठणीत होतं आणि माझ्या आईचं घर पाण्याने भरलं होतं. निदान कुठेतरी पाणी मिळवून द्यावं म्हणून मी तिला बाहेर घेऊन आलो. रस्त्यावरून 'मुंबई आमची' म्हणणाऱ्या समितीचा मोर्चा चालला होता. कोपऱ्यावर दोन पिंपं ठेवून स्वयंसेवक मोर्चेकऱ्यांना पाणी वाटत होते. सुकरीने मडकं पुढे केलं. स्वयंसेवकाने तांब्या बुडवला आणि तो तसाच हातात धरून हसतमुखाने विचारलं,

"मावशी, मूळच्या कुठच्या तुम्ही?"

सुकरीने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

"देवगडची," ती म्हणाली.

"अगो बाय, मग आपल्याच की!" आणि त्याने मडकं काठोकाठ भरलं.

हसताय? हसा. मला नावं ठेवा, माझी हरकत नाही. पण तुमच्या दारात कोणी अनोळखी माणूस पाणी मागायला आला, तर तुम्ही आधी तांब्या भरता की आधी गाव विचारता, तेवढं मात्र खरं सांगा.