आरोहीचं पहिलं पाऊल

चौदा महिन्यांची आरोही अजून चालत नाही, या काळजीने तिच्या बाबाला, हर्षदला, घास गोड लागत नव्हता. घर भाट्याला, नोकरी लोट्याच्या केमिकल कंपनीत. आठवडाभर तिकडे खोलीवर राहायचं आणि रविवारी घरी यायचं. मान कधी धरली, पालथी कधी पडली, दात कधी आला, हे सगळं त्याने बायकोला फोनवर विचारून मोबाइलमधल्या तक्त्यात भरलं होतं. म्हणूनच त्याने घरात बजावलं होतं, "पहिलं पाऊल मात्र माझ्यासमोर पडलं पाहिजे."

आरोहीने ते टाकलं मंगळवारी. एक नव्हे, चांगली सात. वैष्णवी आनंदाने नवऱ्याला फोन लावणार, तोच सासूने, मालनताईंनी, तिचा हात धरला.

"नको गो सांगू. हिरमुसेल तो. रविवारी बघेल, त्याला तेच पहिलं."

रविवारी हर्षद अंगणात गुडघ्यांवर बसला आणि मोबाइल समोर धरून "चल, चल" करू लागला. मोबाइल दिसताच आरोही रांगत आली आणि तोच चाटू लागली. पुढचे दोन रविवार तेच झालं.

"आई, आता सांगून टाकूया," वैष्णवी कुजबुजली.

"आता सांगितलं तर इतके दिवस खोटं बोललो, असं नाही का होणार?"

शेवटी मुदत उलटली म्हणून तक्त्यातला चालण्याचा रकाना लाल झाला. हर्षदने रजा टाकली आणि सगळ्यांना घेऊन डॉक्टरबाईंकडे गेला.

"काही दोष असेल तर स्पष्ट सांगा," तो म्हणाला.

डॉक्टरबाईंनी आरोहीला खाली ठेवलं. ती तुरुतुरु वजनकाट्यापर्यंत गेली, वळली आणि परत आली.

"चालली! माझ्यासमोर चालली!" हर्षदचे डोळे भरून आले.

"पहिल्यांदा चालणारं मूल असं वळत नाही हो," डॉक्टरबाई हसल्या. "कधीपासून चालते?"

मालनताई पदराचं टोक पिळत म्हणाल्या, "तीन आठवडे झाले. चुकलंच आमचं."

बाहेरच्या बाकावर बसून हर्षदने मोबाइल खिशात टाकला. मग म्हणाला, "तुमचं कसलं चुकलं? मी समोर होतो तेव्हाही मोबाइलमध्येच बघत होतो."

वैष्णवीला राहवेना. "अहो, अजून एक आहे. रागावू नका. ती 'बाबा' म्हणते."

"कधीपासून? कुणाला?"

वैष्णवीने सासूकडे पाहिलं.

"दिसेल त्या बाप्याला," मालनताई म्हणाल्या. "पोस्टमनला, नारळ पाडणाऱ्या सदूला. तुलाच तेवढं म्हणायची राहिल्ये."

हर्षदने लेकीला मांडीवर घेतलं. दोन्ही हातांनी. "बोल की गो," तो हळूच म्हणाला.

आरोहीने त्याला नीट निरखलं, त्याच्या मिशीवरून बोट फिरवलं आणि स्पष्ट म्हणाली, "काका."

"हे मात्र नवीन हां," मालनताई घाईघाईने म्हणाल्या. "शप्पथ, हे आम्ही कुणीच आधी ऐकलेलं नाही."