सांड नक्की येणार

दुर्गाघाटच्या गल्लीत देवयानी मुलीचा हात घट्ट धरून भिंतीला चिकटून उभी राहिली, कारण समोरून सांड येत होता. या सांडाने आजवर कुणाला शिंग लावलं नव्हतं, हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं. पण मोहल्ल्याला पोरं पुष्कळ होती. देवयानीला एकच अवनी, चार वर्षांची.

एम.एस्सी. झालेल्या देवयानीने सर्व पुरावे तपासून निष्कर्ष काढला होता, की अवनी धडपणे मोठी व्हायची असेल तर विद्यापीठाच्या आवारात क्वार्टर मिळालाच पाहिजे. आवाराला फाटक होतं, फाटकावर चौकीदार होता आणि घाटाच्या पायऱ्या मुळीच नव्हत्या. तोवर पोरीला गंगेपासून लांब ठेवायचं. नावेतून पलीकडच्या काठावरच्या रामनगरला जाऊ, म्हणून अवनी रोज मागे लागे. देवयानी रोज म्हणे, “जाऊ हं, नक्की.”

क्वार्टर गुणांवर मिळत. देवयानीचा नवरा विश्वेश तिथे संभाव्यताशास्त्र शिकवी. त्याचं संशोधन एका भटक्या बिंदूवर होतं. हा बिंदू प्रत्येक चौकात जणू नाणं उडवून कुठे वळायचं ते ठरवतो. अर्जातल्या ‘समाजाला उपयोग’ या रकान्यात विश्वेशने प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहिलं होतं. समितीनेही तितक्याच प्रामाणिकपणे शून्य गुण दिले होते.

“अहो, बिंदू म्हणू नका,” वरणभात कालवता कालवता देवयानी म्हणाली. “सांड म्हणा.”

“सांड नाणं उडवत नाही.”

“तुमचा बिंदू तरी खिशात नाणी घेऊन फिरतो का?”

विश्वेशने ‘बिंदू’ खोडून ‘सांड’ लिहिलं. समितीच्या पुढच्या बैठकीत त्याने फळ्यावर गल्ल्यांचं जाळं काढलं आणि सांड सोडला. गृहवाटप अधिकारी नीलकंठ मिश्रा गालात पान धरून ऐकत होते.

“डॉक्टर साहब, सीधी बात। सांड हमारी गली में आएगा?”

“निश्चित आएगा।”

“कब तक?”

“गल्ल्यांचं... मतलब, गलियों का जाल अनंत मानें, तो सरासरी... यानी औसत प्रतीक्षा भी अनंत है।”

मिश्राजी उठले, खिडकीबाहेर पिंक टाकून परतले, ते वेगळेच होऊन.

“यानी काम होगा ज़रूर। और कब होगा, यह पूछना गणित के ख़िलाफ़ है।”

“मैं सांड की बात कर रहा था।”

“अरे, सांड तो उदाहरण है।”

विश्वेशला उपयुक्ततेचे पूर्ण गुण मिळाले. देवयानीने घरात सत्यनारायण घातला आणि पडद्यांची मापं घ्यायला सुरुवात केली.

महिन्याभरात निवृत्तांच्या पेन्शनला, वसतिगृहाच्या पाण्याला आणि बंद लिफ्टला एकच छापील उत्तर जाऊ लागलं: ‘कार्य निश्चित होईल. कालावधीसाठी पाहा संदर्भ एक.’ संदर्भ एक म्हणजे विश्वेशचा शोधनिबंध. इतर कार्यालयांनीही ही पद्धत उचलली. ज्या निबंधाकडे आजवर कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, त्याचे दाखले पावसाळी शेवाळासारखे वाढले. विश्वेशला शाल-श्रीफळ मिळालं. श्रीफळाची चटणी झाली. क्वार्टरचं पत्रही आलं.

‘आपणांस क्वार्टर निश्चित मिळेल. कालावधीसाठी पाहा संदर्भ एक.’

देवयानी अवनीला घेऊन तडक मिश्राजींसमोर उभी राहिली.

“भाभीजी, किसी और का प्रमेय होता तो हम लड़ जाते,” मिश्राजी हळहळले. “अब घर की बात है।”

घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, “मागे घ्या ते.”

“सिद्ध झालेलं मागे कसं घेणार?” विश्वेश चष्मा पुसू लागला. “आणि खरं सांगू? पहिल्यांदाच कुणी वाचतंय गं.”

बिंदूचा सांड कुणी केला, हे त्याने बोलून दाखवलं नाही. तेच देवयानीला जास्त लागलं.

संध्याकाळी सांड दाराशीच येऊन बसला. आतला आत, बाहेरचा बाहेर. उंबऱ्यात उभ्या अवनीने नेहमीचा विषय काढला.

“आई, रामनगरला कधी जायचं?”

“जाऊ हं, नक्की.”

अवनीने सांडाकडे पाहिलं, मग आईकडे.

“खरं नक्की, की मिश्रा अंकलवालं नक्की?”

हा प्रश्न तुमच्या घरात अजून कुणी विचारला नसेल, तर एक तर मूल फार लहान आहे, नाहीतर त्याने तुम्हाला विचारणंच सोडून दिलंय.